जर्मनीत पहिल्यांदा रेल्वेने फिरताना: तिकिटापासून भरपाईपर्यंत

मुलगा किंवा मुलगी जर्मनीत शिकायला वा नोकरीला आहे, आई-बाबा उन्हाळ्यात दोन महिने येणार आहेत, मुलांना सुट्टी नाही आणि 'तुम्ही दोघंच म्युनिक बघून या' असं ठरलंय. हा लेख मुख्यतः अशा आई-बाबांसाठी आहे. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांना आणि स्वतःची सहल स्वतःच आखणाऱ्यांनाही तो चालेल.

आधी भारतीय रेल्वेच्या सवयी बाजूला ठेवा. पीएनआर, वेटिंग, आरएसी, चार्ट, तत्काळ यातलं इथे काहीच नाही. स्टेशनात शिरायला फाटक नाही, फलाट तिकीट नाही, आणि चढताना तिकीट बघायलाही सहसा कुणी नसतं. त्यामुळे सगळं सोपं वाटतं. पण कुणी अडवत नाही म्हणून चुकीच्या गाडीत चुकीच्या तिकिटावर बसणंही तितकंच सोपं आहे. टीसी येतो तो गाडी सुटल्यावर. आपलं तिकीट कुठल्या गाडीला चालतं आणि कुठल्या अटीवर, हे आपल्यालाच माहीत असावं लागतं. एवढं जमलं की बाकी निभावतं.

गाड्यांच्या दोन जाती

पहिली जात लांब पल्ल्याच्या गाड्यांची: आयसीई, आयसी आणि शेजारच्या देशांत जाणाऱ्या ईसी. आयसीई सगळ्यात वेगवान, काही मार्गांवर ताशी ३०० किलोमीटरने धावते. दुसरी जात प्रादेशिक गाड्यांची: आरई, आरबी आणि शहराभोवतीच्या एस-बान, म्हणजे आपल्या लोकल. आरई मोजक्या स्टेशनांवर थांबते, आरबी जवळजवळ सगळीकडे.

तिकिटांचं अख्खं गणित या विभागणीवर चालतं. प्रादेशिक तिकीट घेऊन आयसीईत बसलात तर ते तिकीट नसल्यातच जमा. आयसीईचं तिकीट असेल तर त्यावर छापलेल्या मार्गातला प्रादेशिक टप्पा त्यातच येतो.

प्रादेशिक गाड्या अनेक वेगवेगळ्या कंपन्या चालवतात. बव्हेरियात निळी बीआरबी दिसेल. रंग आणि नाव वेगळं असलं तरी प्रादेशिक तिकीट तिथेही चालतं. हिरव्या फ्लिक्सट्रेनचं मात्र सगळं स्वतंत्र आहे. तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

तिकीट कुठलं घ्यायचं

लांब पल्ल्यासाठी तीन मुख्य प्रकार आहेत. सुपर श्पारप्राइस सगळ्यात स्वस्त, पण रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. श्पारप्राइस थोडं महाग. रद्द केलं तर शुल्क कापून उरलेल्या रकमेचं व्हाउचर मिळतं. ही दोन्ही तिकिटं ठरलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीला बांधलेली असतात. दहाची आयसीई चुकली आणि तुम्ही अकराच्या आयसीईत बसलात, तर तिकीट चालत नाही. तिसरं फ्लेक्सप्राइस. त्या दिवशी त्या मार्गावरची कुठलीही गाडी चालते आणि रद्द करण्याच्या अटीही सैल असतात. किंमत मात्र बऱ्याचदा स्वस्त तिकिटाच्या दुप्पट-तिप्पट होते.

माझं मत विचाराल तर बेत पक्का असेल तेव्हा श्पारप्राइस घ्यावं. सुपर श्पारप्राइसमध्ये वाचणारे चार-पाच युरो मोहात पाडतात, पण साठीच्या पुढची मंडळी प्रवास करणार असतील तर एखाद्याची तब्येत, हवामान, घरातला कार्यक्रम, काहीही बदलू शकतं. स्वस्त तिकिटं मर्यादित असतात आणि दिवस जवळ येतो तशी संपत जातात. म्हणून लांबचा प्रवास ठरला की लगेच काढावं. शुक्रवारची दुपार आणि रविवारची संध्याकाळ टाळता आली तर उत्तम. तेव्हा अर्धा देश घरी जात किंवा परत येत असतो.

मुलं बरोबर असतील तर १५ वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबत फुकट नेता येतं. सहा ते चौदा वयाच्या मुलांची नोंद मात्र तिकीट काढतानाच करावी लागते. पैसे पडत नाहीत म्हणून ती करायची विसरू नका.

आता प्रादेशिक गाड्या. मे २०२३ पासून डॉइचलँड तिकीट नावाचा मासिक पास आहे. सुरुवातीला तो ४९ युरोंना होता, २०२५ मध्ये ५८ झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३. देशभरातल्या आरई, आरबी, एस-बान, मेट्रो, ट्राम आणि शहरी बस सगळ्यांना तो चालतो. आयसीई, आयसी, ईसीला चालत नाही. पाहुण्यांनाही तो घेता येतो. महिनाभर राहणार असाल आणि रोज थोडं थोडं फिरणार असाल, तर डोळे झाकून घ्या. त्यात दोन मेखा आहेत. तो कॅलेंडर महिन्याचा असतो, म्हणजे २० तारखेला सुरू केलात तरी महिना तिसाव्या-एकतिसाव्या दिवशीच संपतो. आणि ती वर्गणी आहे. साधारणपणे त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. घेतला त्याच दिवशी रद्द करण्याची तारीख फोनमध्ये लावून ठेवा.

एका दिवसाची सहल असेल आणि चार-पाच जण असाल तर राज्यांची दिवसभराची तिकिटं बघा. बव्हेरियाचं बायर्न तिकीट त्यातलं प्रसिद्ध. पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर, राज्यभरातल्या प्रादेशिक गाड्यांत, सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर आणि शनिवार-रविवारी पहाटेपासून. म्युनिकहून नॉइश्वानस्टाइनचा किल्ला बघायला फ्युसेनला जाणारे बहुतेक गट हेच काढतात. त्यावर प्रवाशांची नावं लिहावी लागतात, तो रकाना कोरा ठेवू नका. नऊ वाजायच्या आधीच्या गाडीतही त्यावर बसू नका, टीसी पाच मिनिटंही सोडत नाही.

पासबद्दल एक खुलासा, कारण यावर घरोघरी वाद होतात. युरोपभर चालणाऱ्या रेल्वे पासचे दोन प्रकार आहेत: इंटररेल आणि युरेल. कुणाला कुठला मिळतो हे पासपोर्टवर ठरत नाही, राहण्याच्या ठिकाणावर ठरतं. म्हणजे भारतीय पासपोर्टवर जर्मनीत राहणारी मुलगी इंटररेल घेते आणि पुण्याहून भेटायला आलेले तिचे आई-बाबा युरेल. जर्मनीतल्या आयसीईत पासधारकांना आरक्षणाची सक्ती नाही, फ्रान्समधल्या वेगवान टीजीव्ही गाड्यांत ती आहे. फक्त दोन-तीन लांबचे प्रवास ठरलेले असतील तर पासपेक्षा आधी काढलेली सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात.

बाह्नकार्ड म्हणजे सवलतीचं कार्ड. तीन महिन्यांचं चाचणी कार्ड पाहुण्यांना आकर्षक वाटतं, पण वेळेत रद्द केलं नाही तर ते वर्षभराचं होऊन बसतं आणि बिल मुलाच्या पत्त्यावर येतं.

तिकीट काढताना

डॉइचे बान म्हणजे जर्मनीची मुख्य रेल्वे कंपनी. तिचं डीबी नॅव्हिगेटर हे ॲप इंग्रजीतही आहे. तिकिटं त्यातच काढा. भारतातलं कार्ड वापरणार असाल तर निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करा आणि ओटीपी येणारा नंबर परदेशात चालू राहील याची सोय करा. तिकिटावर ज्याचं नाव आहे त्याच्याकडे पासपोर्ट हवा. ऑनलाइन तिकीट नावावर असतं आणि टीसी ओळखपत्र मागू शकतो.

स्टेशनचं नाव नीट वाचा. फ्रँकफर्ट दोन आहेत. विमानतळाचं ते माइन नदीवरचं. ओडर नदीवरचं दुसरं फ्रँकफर्ट पोलंडच्या सीमेला टेकलेलं आहे, पार दुसऱ्या टोकाला. जुन्या तटबंदीचं, पर्यटकांचं रोथेनबुर्ग टाउबर नदीवर आहे, आणि नावाने जवळ जाणारं रोटेनबुर्ग नेकार नदीवर. स्टेशनच्या नावापुढे कंसात किंवा मागून नदीचं नाव लागतं ते याचसाठी. 'हाउप्टबानहोफ' म्हणजे शहराचं मुख्य स्टेशन. फलकावर ते संक्षेपाने लिहिलेलं असतं.

गाडी बदलायची असेल तर ॲप जो वेळ सुचवतं त्यावर विसंबू नका. सात-आठ मिनिटांत गाडी बदला असं ते बिनधास्त सांगतं, आणि रोज जाणारा माणूस पाठीवर एक पिशवी टाकून ते करतोही. दोन मोठ्या बॅगा, गुडघेदुखी आणि अनोळखी स्टेशन असेल तर किमान अर्धा तास हवा. शोधताना गाडी बदलण्याचा किमान वेळ वाढवायची सोय ॲपमध्येच आहे. ती वापरा. थेट गाडी तासभर उशिरा पोचवत असेल तरी थेटच घ्या.

आणि अख्खा प्रवास एकाच तिकिटावर काढा. क्योल्नहून (म्हणजे इंग्रजीतलं कोलोन) म्युनिकला जाताना मधल्या टप्प्याचं तिकीट वेगळं काढलं तर कधी कधी दोन-चार युरो वाचतात. पण पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर एकत्र तिकिटाची जबाबदारी रेल्वेवर असते. सुट्या तिकिटांची तुमच्यावर.

आरक्षण: तिकीट वेगळं, जागा वेगळी

आपल्याकडच्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट ही. जर्मनीत लांब पल्ल्याचं तिकीट म्हणजे गाडीत चढायची परवानगी. जागा हवी असेल तर वर साधारण साडेपाच युरो माणशी भरून ती वेगळी राखायची. नाही राखली तरी प्रवास करता येतो. रिकामी सीट दिसली की बसायचं, नाही दिसली तर उभं राहायचं. सुट्टीच्या आदल्या दिवशी आयसीईच्या दारापाशी बॅगांवर बसलेली माणसं बघून दचकू नका, त्या सगळ्यांकडे तिकीट असतं.

पूर्वी कुटुंबासाठी सवलतीचं एकत्र आरक्षण मिळायचं. जून २०२५ मध्ये ते बंद झालं. आता चौघांचे चार आरक्षणाचे पैसे पडतात. ज्येष्ठ मंडळी असतील तर तरीही करा, त्यात काटकसर नको.

आरक्षण नसेल तर सीटच्या वर किंवा बाजूला छोटा पडदा असतो तो वाचा. दोन शहरांची नावं दिसली तर त्या टप्प्यात ती जागा कुणाची तरी आहे. 'मानहाइम ते बाझेल' लिहिलं असेल आणि तुम्ही फ्रँकफर्टहून मानहाइमलाच उतरणार असाल, तर खुशाल बसा. राखलेल्या जागेवर गाडी सुटल्यापासून १५ मिनिटांत कुणी आलं नाही तर तो हक्क संपतो. तुमचं आरक्षण असेल तर तुम्हालाही हाच नियम लागू. आधी जागेवर जाऊन बसा, चहा-कॉफी नंतर. तुमच्या जागेवर कुणी बसलेलं असेल तर फोनमधलं आरक्षण दाखवायचं. समोरचा निमूटपणे उठतो.

स्टेशनवर

पिवळा छापील तक्ता सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा. पिवळाच बघा. पण छापील तक्त्यापेक्षा वरचा निळा पडदा आणि ॲप खरं. फलाट ऐनवेळी बदलतो, कधी गाडी यायला पाच मिनिटं असताना. फलाटाला तिथे 'ग्लाइस' म्हणतात. घोषणेत ग्लाइस ऐकू आलं की पुढचा आकडा कानात प्राण आणून ऐका. दोनला पुष्कळदा 'त्स्वाय' न म्हणता 'त्स्वो' म्हणतात. मोठे आकडे आपल्यासारखेच, एकक आधी आणि दशक मागून, त्यामुळे मराठी कानाला त्यांची सवय लवकर होते. आयसीईचा उच्चार घोषणेत 'ई-त्से-ए' असा येतो.

फलाट लांबलचक असतात आणि त्यांवर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली दिसतात. तुमचा डबा कुठल्या अक्षरापाशी येणार हे ॲपमध्ये आणि फलाटावरच्या पडद्यावर दिसतं. आधीच तिथे जाऊन उभे राहा, कारण गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. मात्र कधी कधी गाडी उलट्या क्रमाने लागते. मग घोषणा होते आणि शंभरेक माणसं बॅगा ओढत एकमेकांना ओलांडून पळतात. एका फलाटावर पुढे-मागे दोन वेगळ्या गाड्याही उभ्या असू शकतात. म्हणून दारावरचं ठिकाण वाचल्याशिवाय चढू नका.

जोडगाड्या याहून फसव्या. दोन आयसीई नाकाला नाक लावून एकत्र धावतात आणि वाटेत वेगळ्या होतात. बर्लिनहून निघालेल्या काही गाड्या हाम इथे दुभंगतात आणि दोन भाग वेगवेगळ्या शहरांना जातात. दोन भागांमधून आतून जाता येत नाही. म्हणून आपला डबा क्रमांक बघूनच चढायचं. म्युनिकची विमानतळाकडे जाणारी एस-१ लोकलही नॉइफार्नला दुभंगते: एक भाग विमानतळाला, दुसरा फ्रायसिंगला. डब्यातला पडदा बघा, किंवा सरळ एस-८ पकडा. ती न दुभंगता विमानतळाला जाते.

मोठ्या स्टेशनांची थोडी ओळख. फ्रँकफर्ट विमानतळावर दोन स्टेशनं आहेत. टर्मिनल १ च्या खाली प्रादेशिक गाड्यांचं, जिथून एस-८ आणि एस-९ शहराच्या मुख्य स्टेशनला साधारण पाव तासात नेतात. आणि थोडं चालत गेल्यावर लांब पल्ल्याचं, जिथून आयसीई सुटतात. तिकिटावर कुठलं आहे ते बघून वळा. बर्लिनचं मुख्य स्टेशन २००६ मध्ये उघडलं. त्यात गाड्या दोन पातळ्यांवर येतात, काही वर पुलावर आणि काही जमिनीखाली, मध्ये दुकानांचे मजले. लिफ्टने वरून खाली जायलाच दहा मिनिटं धरा. म्युनिकला ५ ते १० आणि २७ ते ३६ हे फलाट मुख्य मंडपापासून बरेच आत आहेत, आणि साल्झबुर्गकडच्या प्रादेशिक गाड्या नेमक्या तिथूनच सुटतात. स्टुटगार्ट, म्हणजे मुंबईचं १९६८ पासूनचं भगिनी शहर, तिथल्या स्टेशनचं भूमिगत बांधकाम २०१० पासून चालू आहे. त्यामुळे फलाटापर्यंतची पायपीट अंगावर येते.

हमाल नाहीत. लिफ्ट बंद असण्याचं प्रमाण कमी नाही. चेक-इन बॅग एक आणि हातातली एक, यापेक्षा जास्त सामान माणशी नको. गाडी बदलताना मदत लागणार असेल तर डॉइचे बानची मदतसेवा किमान आदल्या दिवशी सांगून ठेवता येते. याशिवाय शंभरावर स्टेशनांवर बानहोफ्समिशन नावाची सेवाभावी संस्था आहे. बर्लिनमध्ये १८९४ साली तिची सुरुवात झाली. निळ्या जाकिटातले तिचे कार्यकर्ते वृद्धांना फलाटापर्यंत सोडतात, अडकलेल्याला बसवून चहा देतात, पैसे घेत नाहीत. जर्मनीत वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या लोकांनाही ही सोय ठाऊक नसते.

शिक्का मारायला विसरू नका

शहरातल्या प्रवासाचं कागदी तिकीट यंत्रातून काढलंत तर बर्लिन, म्युनिकसारख्या शहरांत त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. त्याची छोटी पेटी फलाटाच्या तोंडाशी किंवा बस-ट्राममध्ये असते. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास, दंड ६० युरो. 'आम्ही पाहुणे आहोत, माहीत नव्हतं' याला उत्तर ठरलेलं: पावती फाडली जाते. फ्रँकफर्टमध्ये यंत्रातून निघणारं तिकीट आधीच त्या वेळेचं असतं, त्याला शिक्का लागत नाही, पण ते पुढच्या दिवसासाठी काढूनही ठेवता येत नाही. लांब पल्ल्याच्या तिकिटावर शहराच्या नावापुढे '+सिटी' असेल तर स्टेशनपासून मुक्कामापर्यंतची ट्राम किंवा मेट्रो त्यातच आली.

गाडीत

दार आपोआप उघडेलच असं नाही, बटण दाबावं लागतं. उतरतानाही तेच. 'उघडेल आता' म्हणून वाट बघत पाहुणे पुढच्या स्टेशनला गेल्याच्या कथा प्रत्येक मराठी मंडळात ऐकायला मिळतात.

दारावर १ लिहिलेला डबा पहिल्या वर्गाचा. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर तिथे बसता येत नाही. आयसीईत काही डबे शांततेचे असतात, त्यावर 'रुहेबेराइश' आणि ओठांवर बोट ठेवलेलं चित्र असतं. तिथे फोनवर बोलायचं नाही, व्हिडिओचा आवाज नको, आपसातल्या गप्पाही हळू. जागा राखतानाच प्रकार निवडता येतो. नातवंडं बरोबर असतील तर मुलांसाठीचा भाग मागा, म्हणजे कुणी वळून बघणार नाही.

घरचा डबा खुशाल न्या. पोळी-भाजी, दशम्या, धपाटे सगळं चालतं. लसणाची चटणी आणि अंडाभुर्जी बंद डब्यात शेजाऱ्यावर जरा अन्याय करतात, तेवढं बघा. आयसीईत उपाहारगृहाचा डबा असतो, पण शाकाहाऱ्याला तिथे निवड थोडी आणि तिथलं यंत्र बंद असण्याची शक्यता बरीच. पाणी बरोबर ठेवा. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला साधारण एक युरो पडतो, गाडीतलं फुकट. उतरायच्या आधीच जाऊन या. रविवारी गावातली दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली उघडी असतात. दूध-ब्रेड संपला असेल तर तिथेच मिळेल.

फ्रँकफर्ट, स्टुटगार्ट, म्युनिक ही टोकाची स्टेशनं आहेत, रूळ तिथे संपतात. पुढे जाणारी गाडी तिथून उलट्या दिशेने निघते. आपण परत चाललोय असं वाटून उतरू नका.

वेळ हाताशी असेल तर एक आडवाट घ्या. फ्रँकफर्टहून क्योल्नला आयसीई २००२ मध्ये झालेल्या वेगवान मार्गाने साधारण सव्वा तासात पोचवते, पण बघायला मिळतात ते बोगदे आणि महामार्ग. त्याऐवजी माइन्झ–कोब्लेन्झ मार्गे ऱ्हाइनच्या काठाने जाणारी आयसी किंवा प्रादेशिक गाडी घ्या आणि उत्तरेकडे जाताना उजव्या खिडकीशी बसा. बिंगेननंतर नदी अरुंद होते, दोन्ही काठांवर उभ्या उतारांचे द्राक्षमळे लागतात आणि दर वळणावर किल्ला. काउबपाशी नदीच्या मधोमध एका खडकावर जहाजासारखा उभा पांढरा किल्ला आहे. पूर्वी तिथे जहाजांकडून जकात वसूल करत. थोडं पुढे लोरेलायचा कडा येतो. हे पट्टे पटापट सरतात, तेव्हा फोन आधीच हातात ठेवा. डॉइचलँड तिकिटावर प्रादेशिक गाडीने हा सगळा प्रवास होतो.

देशाची सीमा ओलांडणार असाल तर मूळ पासपोर्ट आणि व्हिसा किंवा निवास परवाना जवळ हवा, फोटो चालत नाही. शेंगेन असलं तरी सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे, आणि पोलीस गाडीत चढून कागद बघतात.

उशीर होणारच, तेव्हा

जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात, हा समज भारतातून घेऊन आला असाल तर विमानतळावरच सोडा. २०२४ मध्ये डॉइचे बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा वक्तशीरपणा ६२.५ टक्के होता. तोही सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर 'वेळेवर' धरून, आणि रद्द झालेल्या गाड्या हिशेबात न घेता. कारणं जुनी आहेत. वेगवान गाड्या, लोकल आणि मालगाड्या बऱ्याच ठिकाणी एकाच रुळावरून जातात, त्यामुळे एक अडकली की मागच्या सगळ्या अडकतात. रूळ आणि सिग्नल यंत्रणेची दुरुस्ती वर्षानुवर्षं लांबली. आता ती हाती घेतली आहे, पण त्यासाठी अख्खे मार्ग महिनोन्‌महिने बंद ठेवतात. फ्रँकफर्ट–मानहाइम मार्ग २०२४ मध्ये असाच पाच महिने बंद होता. अशा वेळी गाडीऐवजी बस सोडतात. तिचा थांबा बहुधा स्टेशनच्या बाहेर असतो आणि जांभळ्या पाट्या बघत शोधावा लागतो.

विमान पकडायचं असेल तर वेळापत्रकाप्रमाणे वेळेत विमानतळावर पोचवणारी गाडी बघा आणि तिच्या किमान दोन तास आधीची गाडी घ्या. चेक-इनचा वेळ वेगळा. काही विमान कंपन्या तिकिटासोबत रेल अँड फ्लाय, म्हणजे विमानतळापर्यंतचं रेल्वे तिकीट, देतात, त्यात त्या दिवशीची कुठलीही गाडी चालते. मिळत असेल तर सोडू नका.

पडद्यावर दिसणारे दोन शब्द ओळखीचे करून घ्या: 'फेर्श्पेटुंग' म्हणजे उशीर, 'फेल्ट आउस' म्हणजे गाडी रद्द. मग काय करायचं? मुक्कामी २० मिनिटं किंवा जास्त उशिरा पोचाल असं दिसलं, की स्वस्त तिकिटाला लागलेलं त्या एका गाडीचं बंधन गळून पडतं. पुढची कुठलीही गाडी घ्या, आयसीईसुद्धा. डॉइचलँड तिकीट आणि राज्यांची तिकिटं यातून वगळलेली आहेत, त्यांच्यावर आयसीईत चढू नका. ॲपमध्ये तसा संदेश येतो, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. नव्या गाडीतला टीसी बहुधा वाद घालत नाही, पण पुरावा हाताशी असला की दोन वाक्यांत काम होतं. शंका असेल तर फलाटावर न थांबता चौकशीच्या खिडकीवर जा. तिथे इंग्रजी बोलणारं कुणी ना कुणी असतं. तासाभरापेक्षा जास्त उशीर होणार असेल तर प्रवास सोडून देऊन सगळे पैसे मागण्याचाही हक्क आहे.

रात्री अडकलात तर स्वतः होऊन हॉटेल शोधण्याआधी स्टेशनवरच्या किंवा गाडीतल्या कर्मचाऱ्याला विचारा. पुढे जायला गाडीच उरली नसेल तर मुक्कामाची किंवा टॅक्सीची सोय करणं रेल्वेचं काम असतं. कुणीच भेटलं नाही आणि खर्च करावा लागला तर पावत्या जपा.

भरपाई मागा, लाजू नका

मुक्कामी ६० मिनिटं उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के, १२० मिनिटं झाला तर ५० टक्के परत मिळतात. वादळासारख्या रेल्वेच्या हाताबाहेरच्या कारणांत ही सवलत लागू होत नाही, आणि चार युरोंपेक्षा कमी रक्कम देत नाहीत. ॲपमधून तिकीट काढलं असेल तर त्याच तिकिटाखाली दावा भरण्याचं बटण येतं, पाच मिनिटांचं काम. कागदी तिकीट असेल तर स्टेशनवर छापील अर्ज मिळतो. तो भरून तिकिटासह खिडकीवर द्यायचा किंवा टपालाने पाठवायचा. मुदत तीन महिन्यांची, म्हणजे घरी परतल्यावरही करता येतं. पैसे बँक खात्यात घ्यायचे की व्हाउचर, हे विचारतात. पाहुण्यांनी मुलाचं किंवा मुलीचं जर्मन खातं देणं सोयीचं. ते नसेल आणि परत येण्याचा बेत असेल तर व्हाउचर घ्या.